दुसरा फ्लॅश

दादा पुन्हा मागे सरकला होता. मी त्याला नहरीच्या वळणाशी भिंतीला पाठ लावून उभं केलं होतं आणि कॅमेऱ्यातून बघते तर त्याच्या टॉर्चचा उजेड वळणाच्या पार पलीकडे गेलेला. मी माझा टॉर्च दोनदा खालीवर केला. म्हणजे, पुढे ये. त्याने त्याचा आडवा हलवला. म्हणजे, नाही येत.

“काय म्हणतोय?” माझ्या मागे, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उभ्या असलेल्या कुलथे सरांनी विचारलं.

“म्हणतोय, इथून उजेड चांगला पडेल. आमच्या बंधुराजांना फोटोतलं माझ्यापेक्षा जास्त कळतं.”

“मग राहू दे ना तिथे.”

“राहणारच आहे. माझं कधी ऐकलंय त्याने?”

सर ओशाळल्यासारखे हसले. दादाला जन्मापासून ऐकू येत नाही हे गावात सगळ्यांना माहीत होतं, आणि त्यावरून मीच काही बोलले की लोकांची पंचाईत व्हायची. मला त्यात गंमत वाटायची, हे कबूल करते.

ही तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या तालुक्याच्या गावाखालून एक जुनी नहर गेलेली आहे. टेकडीपलीकडच्या तळ्याचं पाणी गावातल्या हौदात आणण्यासाठी कुणा सरदाराने बांधून काढलेलं दगडी भुयार. माणूस ताठ उभा राहील एवढी उंची, दोन्ही हात पसरले तर भिंतींना बोटं लागतील एवढी रुंदी. हवा खेळावी म्हणून वर जमिनीपर्यंत विहिरीसारख्या नळ्या काढलेल्या, त्यांना उच्छ्वास म्हणतात. सर कॉलेजात इतिहास शिकवायचे. वरच्या रस्त्याच्या कामात एकेक उच्छ्वास बुजवला जात होता, आणि आपल्या पायाखाली काय आहे हे लोकांनी निदान फोटोत तरी बघावं म्हणून त्यांनी आम्हा भावाबहिणीला शिडी लावून खाली उतरवलं होतं. वर भर दुपार होती, खाली मिट्ट काळोख. घोट्याएवढं पाणी दादाच्या बाजूने आमच्याकडे संथ वाहत होतं.

अशा जागेचा फोटो एका फ्लॅशने निघत नाही. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश मारला तर जवळचं पांढरंफटक होतं आणि मागचं सगळं काळं. म्हणून दुसरा फ्लॅश लांब, आडोशाला, कुणाच्या तरी हातात द्यायचा. फोटो घेणाऱ्याने ‘हं’ म्हणून ओरडायचं आणि त्याने बटण दाबायचं, अशी आमच्या धंद्यातली रीत. दादाला ओरडून काय उपयोग? म्हणून मी पुण्याहून एक वस्तू मागवली होती. काडेपेटीपेक्षा लहान, प्लास्टिकची. दुकानदार तिला स्लेव्ह म्हणाला होता, आम्ही तिला डोळा म्हणत होतो. हा डोळा दादाच्या फ्लॅशच्या बुडाशी बसवलेला असायचा. माझा फ्लॅश लखलखला की डोळ्याला तो दिसायचा आणि त्याच क्षणी दादाच्या हातातला फ्लॅश आपोआप लागायचा. दादाने काही करायचंच नाही. मला ते फार सोयीचं होतं. दादाला मात्र तो डोळा मुळीच आवडत नसे. मग मला कशाला नेतेस, खुंटीला टांग तो फ्लॅश, असं तो हातांनी सांगायचा.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. वडील गेल्यावर स्टुडिओ आम्ही दोघंच चालवत होतो. डार्करूम त्याची, गिऱ्हाईक माझं. बाहेर कुठेही गेलो तरी त्याच्या वतीने मीच बोलायचे. बँकेत, दवाखान्यात, त्याच्या सोयरिकीच्या बैठकीतसुद्धा. त्याला चहा हवा की नको हेही लोक मलाच विचारायचे, आणि मी त्याच्याकडे न बघता सांगून टाकायचे. आम्ही कामाला निघालो की आई दारात येऊन बजावायची, “त्याला एकटं सोडू नकोस गं.” सहा फुटी माणूस पायऱ्या उतरून पुढे गेलेला असायचा आणि आई हे मला सांगायची.

तर मी कॅमेऱ्याचं शटर उघडं धरलं, फ्लॅश हातात घेऊन बाजूला केला आणि बटण दाबलं. माझ्या उजेडाबरोबर वळणापलीकडून दुसरा उजेड आला आणि कमानीचा दगड न दगड उठून दिसला. सर नुसते “वा” म्हणाले. दादाचं बरोबर होतं. मी ते त्याला इतक्यात सांगणार नव्हते.

रोल पुढे सरकवत असताना वरून मातीची धार लागली. वाटलं, घूस असेल. मग काहीतरी सरकल्याचा जड आवाज झाला, फार मोठा नाही, पोत्यांची थप्पी कलंडावी तेवढा. सरांनी माझा दंड धरून मला मागे ओढलं. तोंडात, डोळ्यांत माती गेली. टॉर्च लावला तर समोर धुळीशिवाय काही दिसेना.

“दादा,” मी ओरडले. पुन्हा ओरडले. त्याला ऐकू येत नाही हे मला त्या क्षणी आठवतच नव्हतं.

सर म्हणाले, “थांब, पुढे जाऊ नकोस. वर बघ आधी.”

मी फ्लॅश समोर धरून मारला आणि आम्हा दोघांचेही डोळे दिपले. धुळीवर फ्लॅश मारला की धूळच उजळते, हे मला माहीत असायला हवं होतं. धूळ थोडी बसली तेव्हा दिसलं, की वळणाच्या अलीकडे कमानीचा तुकडा खाली आलाय आणि दगडमातीचा ढिगारा जवळजवळ छतापर्यंत गेलाय. उजव्या कोपऱ्यात, अगदी वर, हात जाईल एवढी फट होती. मी दगडांवर चढून फटीत टॉर्च धरला. फट वाकडी होती. उजेड पुढच्या दगडावर आपटून तिथेच थांबत होता.

मग मी फ्लॅश त्या फटीत खुपसला आणि बटण दाबलं.

पलीकडून उजेड आला. फटीतल्या दगडांच्या कडा पांढऱ्या झाल्या आणि विझल्या.

“आहे,” मी म्हणाले. “सर, आहे तो.”

“दिसला?”

“उजेड दिसला. त्याच्या फ्लॅशचा.”

सरांनी हात जोडले, कुणाला ते त्यांनाही माहीत नसावं. “तू इथेच थांब. ढिगाऱ्यापासून लांब. मी माणसं घेऊन येतो.” आणि ते शिडीकडे पळत सुटले. पन्नाशी उलटलेला माणूस पाण्यात फताड फताड पाय आपटत गेला.

मी एकटी उरले. फ्लॅश चीं करत पुन्हा भरत होता. केशरी दिवा लागला की मी फटीत धरून मारायची आणि पलीकडून उत्तर यायचं. मला बरं वाटायचं. पुन्हा दिवा लागेपर्यंतचा वेळ जाता जायचा नाही. दिवा लागला की पुन्हा विचारायची. आहेस? आहे. आहेस? आहे. असं किती वेळ चाललं कोण जाणे.

आणि मग मधेच माझ्या लक्षात आलं, की उत्तर दादा देतच नव्हता. उत्तर डोळा देत होता. फ्लॅश दादाच्या हातात असो, पाण्याबाहेरच्या एखाद्या दगडावर पडलेला असो, नाहीतर दादा त्या दगडांखाली असो, माझा उजेड दिसला की डोळा आपलं काम करणार. पुण्याच्या दुकानदाराने मला हेच तर कौतुकाने दाखवलं होतं. म्हणाला होता, माणसाची गरजच नाही.

मी दगडांवरून उतरले. खाली टेकायला गेले तर पायाखाली पाणीच नव्हतं. मघाशी घोट्यापर्यंत होतं, आता नुसता चिखल होता. दादाच्या बाजूने येणारं पाणी ढिगाऱ्याने अडवलं होतं आणि ते पलीकडे चढत होतं.

सर आले ते शेषेराव मुकादमांना घेऊन. वर रस्त्याच्या कामावर जे मजूर होते त्यांचे हे मुकादम. त्यांच्याबरोबर चार माणसं, पहारी, घमेली आणि टॉर्च. शेषेराव आले तसे एक शब्द न बोलता ढिगाऱ्यापुढे उभे राहिले. छताकडे बघितलं, दोन्ही भिंतींवर हात फिरवला, खाली चिखलात पाय दाबून पाहिला.

“पल्याडून कुठनं जाता येतंय का?” त्यांनी विचारलं.

“पुढचा उच्छ्वास गेल्या साली बुजवला,” सर म्हणाले. “रस्त्यासाठी.”

शेषेरावांनी पायाखालचा चिखल पुन्हा दाबून पाहिला. तो बुजवायला कदाचित त्यांचीच माणसं असतील. मग म्हणाले, “खालून वाट केली तर पाणी निघंल, पर वरचं समदं खचंल. वरूनच काढावं लागंल. एकेक दगड. घाई करून जमायचं न्हाई, ताई.”

“पाणी चढतंय तिकडे.”

“मला कळायलंय ते. दादा उंचीला कसे हायेत?”

“उंच आहेत.”

“मग दम धरा.” ते दगडांवर चढले. “उजेड कुठून आला म्हणता? दावा बरं एकदा.”

मी दाखवलं. पलीकडून उजेड आला, पण फिकट. शेषेरावांनी मान हलवली आणि पहिला दगड हलवला. वरची माती घसरली, फट अर्धी बुजली, आणि आख्खा ढिगारा कुरकुरला. सगळे मागे सरले. पुन्हा शांत झाल्यावर ते परत चढले. “पुन्हा दावा.”

मी मारला. पलीकडून काहीच आलं नाही.

त्या क्षणाबद्दल मी आजवर कुणाशी बोललेले नाही. सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता तो मला नको झाला होता. केशरी दिवा लागला. पुन्हा मारला, आणि अगदी मंद उजेड आला. तेव्हा समजलं. माझ्या फ्लॅशमध्ये सकाळीच नवे सेल घातले होते. दादाच्यात जुनेच होते. तो भरायला आता वेळ लागत होता. माझ्या प्रत्येक प्रश्नासरशी मी त्याचेच सेल संपवत होते.

“ताई, अजून एकदा,” शेषेराव म्हणाले. “अंदाज येईना.”

“जरा थांबा.”

मी थांबा म्हटलं आणि नेमका तेव्हाच फटीतून लख्ख उजेड आला. मी बटण दाबलेलं नव्हतं. माझा फ्लॅश माझ्या मांडीवर होता. “त्याने लावला,” मी ओरडले, “मी नाही, त्याने लावला.” सरांनी मला मिठीच मारली. मजुरांपैकी एकाने खंडोबाचं नाव घेतलं. शेषेराव हसले, पहिल्यांदाच.

मग मागे कॅमेऱ्याचा रोल सरकवल्याचा आवाज झाला.

आमच्या मागे इलियास उभा होता. जिल्ह्याच्या दैनिकाला फोटो देणारा. आमच्याच स्टुडिओत रोल धुवायला टाकायचा, दादाशी त्याची चांगली गट्टी होती. बातमी ऐकून तो उतरला होता आणि त्याने आम्हा सगळ्यांचा पाठमोरा फोटो काढला होता. फ्लॅशने. दोन्ही उजेड एकाच क्षणी पडले होते, आणि आमचं सगळ्यांचं लक्ष फटीकडे होतं. डोळ्याला काय, उजेड कुणाचा आहे याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं.

“तू मारलास?” मी विचारलं.

“काय?”

“आत्ता फ्लॅश तू मारलास का, इलियास?”

तो बघतच राहिला. त्याला वाटलं मी बातमीच्या फोटोसाठी चिडलेय. “दीदी, मला कळवायलाच लागतं. पेपरवाले...” आणि मग माझं तोंड बघून गप्प झाला. मी त्याला काय झालं ते सांगितलं. बोलता बोलता मीच माझ्याशी बोलत होते बहुतेक. त्याने कॅमेऱ्यावरचा फ्लॅश काढला, झाकण उघडलं आणि सेल तळहातावर ओतून घेतले.

“आता माझा लागणार नाही,” तो म्हणाला.

शेषेराव वरून म्हणाले, “तुमचा दावा मग. मला जागा कळाया पायजे.”

तेव्हा मी ठरवलं. ठरवलं म्हणण्याइतकं माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, पण मी माझ्या फ्लॅशचं झाकण उघडलं आणि सेल काढून ओढणीच्या टोकाला बांधले.

“हे काय करतेस?” सरांनी विचारलं.

“आता नाही मारायचा.”

“अगं, तो जिवंत आहे की नाही हे कळायला नको?”

“फ्लॅशने ते कळत नाही, सर. मी मारला की ते यंत्र बोलतं. दादा नाही बोलत.”

“पण उजेड तर...”

“त्याला तरी बोलायचं काय कारण आहे? तो शुद्धीवर असेल तर त्याला दिसतंय, की माझा उजेड येतो आणि त्याचा फ्लॅश आपोआप लागतो. त्याला वाटत असेल, हिला कळलं मी इथे आहे. मग तो कशाला बटण दाबेल? मी विचारायची थांबले तरच तो काहीतरी करेल ना? आणि सेल किती उरलेत कोण जाणे. आहेत ते त्याच्यासाठी राहू देत.”

शेषेरावांनी पहार उचलली. मग म्हणाले, “बरं. आम्ही अदमासानं काढतो.”

हे बोलताना मला फार शहाणपण सुचल्यासारखं वाटलं असेल, तर ते थोडाच वेळ टिकलं. कारण मग दुसरा विचार आला. दादाला ऐकू येत नाही. त्याचा टॉर्च बहुधा गेलेला. तिकडे काळोख, वर चढणारं पाणी, आणि माझ्याकडून येणारा तो एक उजेड. तोही आता बंद. त्याला काय वाटेल? वाटेल, ही गेली. मला टाकून वर निघून गेली. आईने एवढं एकच सांगितलं होतं आणि मी भावाच्या डोळ्यांपुढचा दिवा माझ्या हाताने मालवून बसले होते.

दगड खाली येत होते. एकजण काढायचा, दुसऱ्याच्या हातात द्यायचा, तो तिसऱ्याच्या. शेषेराव अधूनमधून छताला पहार टेकवून ऐकायचे. प्रत्येक मोठ्या दगडाला ढिगारा आतून हलायचा आणि सगळे श्वास रोखायचे. बारकी माती फटीत जाऊन बसत होती. माझं लक्ष फक्त फटीकडे. टॉर्चचा उजेड कुणी तिकडे वळवला की मी त्याच्यावर खेकसायची.

“एकदाच मार,” सर हलक्या आवाजात म्हणाले. “एकदाच. तुझ्या समाधानासाठी.”

“माझ्या समाधानासाठीच मारत होते मघापासून.”

तरी माझी बोटं ओढणीच्या गाठीशी गेलीच. गाठ सोडली. दोन सेल घातलेही. मग पुन्हा काढले. असं मी कितीदा केलं असेल याचा हिशोब नाही. इलियास माझ्याशेजारी उकिडवा बसला होता, मुठीत स्वतःचे सेल घट्ट धरून, जणू ते सुटून आपले आपणच फ्लॅशमध्ये जाणार होते.

“दीदी, तो फार जिद्दी आहे,” तो म्हणाला. “माझ्या फोटोंना नावं ठेवतो तेव्हा मी कितीही समजावलं तरी ऐकत नाही.”

“माहितीये.”

“काही होणार नाही त्याला.”

सगळेच असं म्हणतात.

शेषेरावांनी एक लांबोडका दगड दोन्ही हातांनी ओढला. तो सुटला तसा मागून दोनचार दगड गडगडत पलीकडे गेले, पाण्यात पडल्याचा आवाज आला, आणि ढिगारा पुन्हा हलला. “सरका, सरका,” ते म्हणाले. आम्ही सरकलो. धूळ उठली. शांत झालं. कुणी हलेना.

आणि फटीतून उजेड आला.

मंद होता, क्षणभराचा होता. मला तो खरा वाटेना. मी इलियासकडे वळले. त्याने बोलण्याऐवजी मूठ उघडून दाखवली. सगळे सेल तिथेच होते. मी माझ्या फ्लॅशकडे बघितलं, त्याचं झाकण उघडं होतं. सरांच्या हातात काही नव्हतं. मजुरांच्या हातांत दगड होते.

“आता कुणीच न्हाई मारला,” शेषेराव म्हणाले. “म्या बघायलो व्हतो.”

मी सेल घालायला गेले. घाईत एक उलटा बसला, तो काढताना दुसरा निसटला आणि चिखलात गेला. मी चिखल चाचपायला लागले. इलियासने त्याचे पुढे केले, तर त्यातलाही एक माझ्याच धक्क्याने पडला. आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून चिखलात सेल शोधत होतो आणि मी रडत होते, की हसत होते, मला आठवत नाही. दादाने हाक मारली होती आणि मला ओ देता येत नव्हती. पुन्हा एकदा उजेड आला, आधीच्याहून मंद. मग अंधार.

“पुरे झालं,” शेषेराव म्हणाले. “कळलं आपल्याला. चला रे, हात उचला.”

हात उचलले गेले, पण थोड्या वेळाने त्यांनीच पंजा वर करून सगळ्यांना थांबवलं. कान दगडाला लावला. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

“पल्याडून कुणीतरी उकरायलंय,” ते म्हणाले.

आम्हालाही ऐकू आलं. दगडावर दगड घासल्याचा आवाज. थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. जोरात, घाईने, काहीच विचार न करता.

“असं करू नगा म्हणावं त्यांना,” शेषेराव म्हणाले. “वरचं येईल अंगावर. सांगा त्यांना.”

सांगायचं कसं? शेषेरावांच्याही ते लक्षात आलं, ते ओशाळले आणि पुन्हा कामाला लागले, आता दुप्पट वेगाने, कारण दादा थांबणार नव्हता. वरचे दोन दगड निघाले, मग एक मोठा, मग माती आपोआप पलीकडे ढासळली आणि भोकातून एक हात बाहेर आला.

दादाचा हात. कोपरापर्यंत चिखलाने माखलेला. नखं उलटली होती, बोटांतून रक्त येत होतं. तो हात हवेत काहीतरी शोधत होता.

मी दगडांवर चढून तो धरला. त्याने आधी माझी बोटं चाचपली, मग बांगडी, मग मनगट घट्ट पकडलं आणि इतक्या जोराने ओढलं की माझा खांदा दगडावर आपटला.

“दम धर म्हणावं, काढतोय आम्ही,” शेषेराव म्हणाले. मग त्यांनी नीट पाहिलं. “अवो ताई, त्यो तुमाला धरून वर येईना. त्यो तुमालाच तिकडं वढायलाय.”

खरंच तसं होतं. मी हात सोडवायला गेले की तो आणखी घट्ट धरायचा. भोक मोठं होईपर्यंत त्याने मनगट सोडलं नाही. शेवटी त्याचं डोकं दिसलं, खांदे आले, आणि मजुरांनी त्याला काखेत धरून अलीकडे घेतलं. पलीकडे पाणी त्याच्या छातीपर्यंत आलं होतं. त्याला एक पाय टेकवत नव्हता. तरी खाली उतरल्या उतरल्या त्याने माझं डोकं दोन्ही हातांत धरून चाचपलं, मग मान, मग पाठ, कुठे काही मोडलंय का बघत. काही मोडलेलं नाही अशी खात्री झाल्यावर त्याने मला एक टपली मारली. जोरात.

मग तो भिंतीला टेकला आणि रक्ताळलेल्या हातांनी भराभर सांगायला लागला. तुझा उजेड येत होता तोवर मी निवांत बसलो होतो. पाणी चढत होतं तरी. म्हटलं, ही आहे, ही माणसं आणेल. मग दगड हलले. पुन्हा हलले. आणि तुझा उजेड बंद झाला.

पुढचं सांगताना त्याचे हात मधेच थांबले. मग त्याने तेही सांगितलं.

इलियासने तोंड दुसरीकडे फिरवलं. त्याला दादाच्या खुणा थोड्या थोड्या समजायच्या. सरांना समजत नव्हत्या. सगळ्यांसारखं त्यांनीही माझ्याकडे बघून विचारलं.

“काय म्हणतोय गं?”

या वेळी मी दादाकडे बघत सांगितलं.

“म्हणतोय, मला वाटलं छत तिच्यावर पडलं. दोनदा हाक मारली, तिने ओ दिली नाही. म्हणून तिला काढायला निघालो.”